रणरागिणी आणि अंगठी

रणांत मुरलेल्या स्त्रीचें प्रेम रंगविणें कोणत्याही लेखकास अवघडच. जिनें सोबतिणी मरतांना पाहिल्या ती एकाएकीं मृदु झाली तर खोटी वाटते, आणि कठोरच राहिली तर प्रेमकथा पुढें सरकत नाहीं. सन २०१७ मध्यें चीनमध्यें निघालेल्या ‘अझुर लेन’ या मोबाइलवरील खेळांत ही अडचण कशी टाळली आहे, तें पाहण्याजोगें आहे.

या खेळांत दुसऱ्या महायुद्धांतील युद्धनौका तरुणींच्या रूपानें अवतरतात व खेळणारा त्यांचा सेनापति होतो. त्यांपैकीं एंटरप्राइझ ही अमेरिकेची विमानवाहू नौका: रुपेरी केस, लष्करी टोपी, हातीं धनुष्य, सोबतीस गरुड. मूळ नौका १९४२ सालीं मिडवेला लढली. त्याच वर्षीं सांताक्रूझच्या लढाईंत तिची भगिनी-नौका ‘हॉर्नेट’ बुडाली आणि ती स्वतः घायाळ होऊन परतली. एवढें दुःख पदरीं असलेली नायिका कादंबरीकारास क्वचितच लाभते.

खेळांत मात्र तिच्या अनुरागाचा आंकडा असतो. मोहिमा जिंकल्या कीं तो चढतो, ती बुडाली कीं उतरतो. शंभर भरले कीं सेनापतीनें अंगठी द्यावी. पहिली अंगठी फुकट, पुढच्या विकत! अंगठी घातल्यावर नायिकेचें युद्धबळ वाढतें. विवाहानें वधूचा तोफखाना सुधारावा, ही कल्पना आमच्याकडील हुंड्याच्या बाजारासही सुचली नव्हती.

परंतु आमचा खरा आक्षेप पैशावर नाहीं. सेनापतीची आज्ञा आणि प्रियकराची विनवणी एकाच मुखांतून निघतात, आणि शंभर भरल्यावर नायिकेस ‘नाहीं’ म्हणण्याची सोयच ठेवलेली नाहीं. तिच्यासाठीं शुभ्र वधूवेषही सिद्ध आहे. तो चढला कीं युद्धाची आठवण जणूं गणवेषाबरोबर पेटींत गेली.

याच कथेवरून २०१९ सालीं जपानांत चित्रमालिका निघाली. तिचें कथानक विस्कळीत आहे, हें मान्य. पण तींत सेनापतीस नायकाची जागा नाहीं. ब्रिटिश क्रूझर बेलफास्ट दासीच्या वेषांत एंटरप्राइझच्या मागें लागते: नीट जेव, विश्रांति घे. एंटरप्राइझ तिला टाळते, तिच्याशीं वाद घालते, आणि अखेर आपल्याला समुद्राचीच भीति वाटते अशी कबुली देते. खेळांतील शंभर गुणांनीं जें साधलें नाहीं, तें या कटकटीनें साधलें.

खेळांतील एंटरप्राइझनें शंभरी भरल्यावरही ती अंगठी एकदां परत केली असती, तर पुढचा प्रसंग वाचावयास आम्ही आनंदानें थांबलों असतों.