'आदिवासी चांदी': एका ओळीतले चार दावे

दागिन्यांवर संशोधन करायचं म्हटलं की एक ओळ तुम्हाला भेटणारच: 'जुना आदिवासी चांदीचा हार, महाराष्ट्र, शंभर वर्षांहून जुना.' विक्रेत्यांच्या याद्यांत अशी वर्णनं असतात आणि तिथून ती जशीच्या तशी लेखांत उतरतात. माझं म्हणणं एवढंच, की यात चार वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

पहिला दावा चांदीचा. हा त्यातल्या त्यात सोपा, कारण सराफ टंच काढून देतो. रुपयांची माळ असेल तर हिशेब तुम्हीही करू शकता. ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. १९४७ चा रुपया तर निकेलचा. आणि जर्मन सिल्व्हर? त्यात तांबं, जस्त, निकेल. चांदी औषधालाही नाही.

दुसरा दावा वयाचा. नाण्यावर १८६२ दिसलं की माळच १८६२ ची धरली जाते. पण ते साल कोरलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. शिवाय कडी कधी डाखली, हे नाणं सांगत नाही. माळेतलं सगळ्यात अलीकडचं नाणं बघा. माळ त्याआधीची नाही, इतकंच सिद्ध होतं. काळपटपणावरही जाऊ नका, गंधकाच्या द्रावणात नवी चांदीही काळी पडते. गंमत म्हणजे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मग 'शंभर वर्षांहून जुना' म्हणत हार परदेशी पाठवणाऱ्याचं एक तर वय खोटं, नाहीतर व्यवहार बेकायदा.

तिसरा दावा ठिकाणाचा. समजा, एखादी सरी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात मिळाली. म्हणून ती कुरवंड्याची झाली का? गाव घाटमाथ्यावर, खाली कोकण. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज इथूनच उंबरखिंडीकडे उतरली. अशा वाटेवरच्या गावात दागिना लग्नातून, बाजारातून, गहाणवटीतून, कुठूनही येऊ शकतो. सापडलं ते गाव वेगळं, घडलं ते वेगळं.

चौथा दावा 'आदिवासी' या शब्दाचा, आणि खरी गफलत इथेच आहे. मावळात ठाकर, महादेव कोळी, कातकरी राहतात. तिघांची परिस्थिती एकसारखी नाही. घडवणारा बहुधा सोनार, आणि वाळे, तोडे, सरी कुणबी-धनगर बायकांच्या अंगावरही असायचे. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये जातवार वर्णनांत दागिने येतात. ते जरूर वाचा, पण यादी जातवार आहे म्हणून दागिनाही एकाच जातीचा, असा अर्थ काढू नका.

एवढी काथ्याकूट कशाला, असं वाटेल. अडचणीच्या वेळी एखादी बाई सरी घेऊन सराफाकडे जाते, तेव्हा तिला मोडीचा भाव मिळतो, तोही घट वजा करून. 'आदिवासी' हा शब्द पुढे शहरात चिकटतो आणि किंमत चढते ती त्या शब्दाची. ती कुणी घातली, कधी केली, कुठल्या सोनाराकडून, हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती मात्र दुकानाबाहेर पडलेली असते. तिला कुणी विचारलेलंच नसतं. आपण ते लेबल उचललं की या न विचारण्यावर विद्यापीठाचा शिक्का बसतो.

विक्रेत्यांच्या याद्या टाकाऊ नाहीत. फोटो, वजन, मापं त्यांतून खुशाल घ्या. बाकीच्यासाठी वहीत चार रकाने आखा: दावा, पुरावा, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, पण 'आदिवासी' लिहून तो भरू नका.