देऊळ आणि पाट : बालीच्या एकदिवसीय दर्शनाची समीक्षा

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची समीक्षा मराठीत पुष्कळ झाली आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'पर्यंत अनेक ग्रंथांवर आपण चर्चा केली. परंतु आज परदेशी जाणारा सामान्य मराठी माणूस त्या देशाविषयी जे ऐकतो, ते बहुधा ग्रंथातून ऐकत नाही; गाडीच्या पुढच्या आसनावर बसलेल्या मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकतो. हे मौखिक कथन हीसुद्धा एक संहिताच होय. तिला आरंभ आहे, मध्य आहे, ठरावीक विनोद आहेत, आणि काय सांगायचे व काय गाळायचे याचा पक्का संकेत आहे. म्हणूनच इतर कोणत्याही संहितेप्रमाणे तिचीही समीक्षा व्हायला हवी. प्रस्तुत लेखात बाली बेटावरील देवळे व भातशेतीची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीचे कथन तपासून पाहण्याचा विचार आहे. २०२४ साली ही सहल करण्याचा योग आला. पाटबंधारे खात्यातील नोकरीमुळे माझी नजर देवळाच्या कळसाआधी पाण्याच्या वाटेकडे जाते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सहलीचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. सकाळी मेंगवी येथील तामन आयुन हे राजघराण्याचे देऊळ, दुपारपर्यंत बेदुगुलच्या डोंगरावरील ब्रातान तळ्याकाठचे उलुन दानू देऊळ, जेवणानंतर जातिलुविहची खाचरे आणि सूर्यास्ताला समुद्रातील खडकावरचे तनाह लोत. हा क्रम रस्त्याच्या सोयीने आणि सूर्यास्ताच्या वेळेने ठरवलेला आहे, आणि त्यात दोष काही नाही. परंतु त्याचा अर्थावर परिणाम होतो. देऊळ हा एक थांबा आणि शेत हा दुसरा थांबा, अशी विभागणी श्रोत्याच्या मनात पक्की होते. देवळापाशी मार्गदर्शक धर्माविषयी बोलतो, शेतापाशी निसर्गाविषयी. देवळात छायाचित्र गंभीर मुद्रेने काढायचे, शेतात हसऱ्या. माझा मुख्य आक्षेप या विभागणीलाच आहे, कारण बालीत ती अस्तित्वात नाही.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एकाच बंधाऱ्याचे अथवा कालव्याचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाला बालीत 'सुबक' म्हणतात. हा शब्द अकराव्या शतकातील लेखांत आढळतो. सुबकाची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नाही. ती पाण्याच्या वाटेशी जुळते. एका गावच्या शेतकऱ्याची जमीन दोन पाटांवर असेल, तर तो दोन सुबकांचा सभासद असतो. सभासद आपल्यातूनच प्रमुख निवडतात. त्याला 'पेकासेह' म्हणतात. बंधाऱ्यापाशी एक लहान देऊळ, शेतशिवाराच्या माथ्यावर दुसरे, अनेक सुबकांचे मिळून आणखी मोठे, आणि सर्वांत वर तळ्याचे देऊळ, अशी देवळांची उतरंड पाण्याच्या उतरंडीवर बसवलेली आहे. पेरणी केव्हा, पाणी केव्हा सोडायचे, पड केव्हा टाकायची, हे निर्णय या देवळांच्या यात्रांच्या निमित्ताने भरणाऱ्या सभांत होतात. आपल्या भाषेत सांगायचे तर देऊळ हेच पाटबंधाऱ्याचे कचेरीघर आहे.

पाण्याची वाटणी करण्याचे साधन पाहिले, तेव्हा मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पाटात आडवे टाकलेले एक लाकूड असते. त्याला 'तेंबुकू' म्हणतात. त्यात ठरलेल्या रुंदीच्या खाचा असतात. ज्याचा वाटा दुप्पट, त्याची खाच दुप्पट रुंद. पाणी वाढले तर सर्वांचे वाढते, घटले तर सर्वांचे घटते. त्याला चाक नाही, कुलूप नाही आणि किल्ली सांभाळणारा माणूसही नाही. चंबळच्या कालव्यांवर भिंड-मुरैनाच्या बाजूला शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी किती कागद लिहावे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या लाकडाचे मोल सांगावे लागत नाही.

मौज अशी की, या लाकडाविषयी कथनात एकही वाक्य नव्हते. मी विचारले तेव्हा मार्गदर्शक क्षणभर थांबला आणि मग निराळ्याच आवाजात बोलू लागला. त्याच्या वडिलांचे शेत होते, खाच कोणी रात्री चोरून रुंद केली तर सभेत काय होते, देवळाचे काम चुकवले तर किती दंड बसतो, हे तो हातवारे करून सांगत होता. दिवसभरातील पाठ केलेले बोलणे तिथे संपले होते आणि जाणकार माणसाचे बोलणे सुरू झाले होते. गाडी सुटण्याची वेळ झाल्यावर तो पुन्हा आपल्या संहितेकडे वळला. ज्ञान त्याच्यापाशी होते. संहितेत त्याला जागा नव्हती. तेव्हा दोष माणसाचा नसून प्रकाराचा आहे, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

देऊळ आणि शेत यांची फारकत केल्याने काय होते, याचा धडा बालीने एकदा घेतलेला आहे. १९७०च्या दशकात हरितक्रांतीबरोबर लवकर येणाऱ्या भाताच्या जाती आल्या आणि प्रत्येकाने शक्य तितक्या वेळा पीक घ्यावे, असा शासनाचा आग्रह सुरू झाला. देवळांचे वेळापत्रक जुनाट ठरले. लवकरच पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुडे व तुंग्रो रोग यांनी पिके खाल्ली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' या ग्रंथात याचे कारण उलगडून दाखवले आहे. शेजारचे सर्व सुबक एकाच वेळी पेरणी व एकाच वेळी पड टाकत असत. त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर किडीला काही काळ अन्नच उरत नसे. परंतु सर्वांनी एकाच वेळी पेरले तर सर्वांना एकाच वेळी पाणी लागते. किती क्षेत्राने एकत्र पड टाकावी, म्हणजे कीडही मरेल आणि पाणीही पुरेल, हे गणित देवळांचे जाळे सोडवत होते. परिसरशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्या साहाय्याने लान्सिंग यांनी ते संगणकावर मांडून दाखवले. वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का द्यावे, याचे उत्तरही त्यात आहे: खालच्याने वेगळ्या वेळी पेरले, तर त्याच्या शेतातील कीड वर चढते. नैतिक उपदेशापेक्षा हे कारण मला अधिक टिकाऊ वाटते.

आता या विवेचनाची दुसरी बाजू. लान्सिंग यांच्या चित्रात शेतकरी आणि पुजारी ठळक आहेत, राजा मात्र अंधुक आहे. त्यापूर्वी क्लिफर्ड गीर्ट्झ यांनीही १९८०च्या 'नेगारा' या ग्रंथात बालीचे राज्य हे मुख्यतः विधींचे नाट्य होते आणि पाण्याचा कारभार खाली चालत होता, असे प्रतिपादन केले होते. ब्रिगिटा हाउसर-शॉयब्लिन यांनी २००३ साली या मताला हरकत घेतली. देवळे, सिंचन आणि राजसत्ता यांचे संबंध अधिक घट्ट होते, असे त्यांचे म्हणणे. तामन आयुनच्या खंदकाकाठी उभे राहिले म्हणजे ही हरकत पटू लागते. १६३४ साली मेंगवीच्या राजाने बांधलेले हे देऊळ राजाचेही आहे आणि पाण्याचेही. १६३३चे ब्रातानचे देऊळही त्याच राजघराण्याचे. सहलीतील पहिले दोन थांबे मिळून या वादाचा अर्धा पुरावा आपल्यासमोर मांडतात. कथन मात्र मेरूचे मजले मोजण्यात रमते. हे मजले नेहमी विषम असतात आणि अकराच्या पुढे जात नाहीत, एवढी माहिती प्रत्येक श्रोता घेऊन जातो.

कथनातील आणखी एक शब्द तपासला पाहिजे. 'त्रि हित करण' हे सूत्र मार्गदर्शक प्रत्येक थांब्यावर उच्चारतो: देव, माणूस आणि निसर्ग यांचा मेळ. २०१२ साली युनेस्कोने सुमारे १९,५०० हेक्टरचा सुबक-परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, तेव्हा त्याच्या शीर्षकातही हे सूत्र आले. शब्द संस्कृत असल्याने भारतीय श्रोता त्याला सहज वेदकाळात नेऊन बसवतो. वास्तविक हे सूत्र या स्वरूपात १९६०च्या दशकात रूढ झाले. इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकात आपला धर्म मान्य धर्मांच्या पंक्तीत बसवण्यासाठी बालीचे विचारवंत त्या काळात झटत होते; १९५९ साली त्यांनी हिंदू धर्म परिषदही स्थापन केली होती. म्हणजे आचार हजार वर्षांचा आणि त्याचे नाव साठ वर्षांचे. यात फसवणूक नाही. जिवंत समाज आपल्या जुन्या व्यवहाराला नवे नाव देत असतो. पण हे सांगितले नाही, तर जिवंत समाजाचे रूपांतर संग्रहालयात होते.

येथे मी भारतीय प्रवाशाकडे वळतो. आमच्या मार्गदर्शकाने मोकळेपणे सांगितले की, युरोपीय गटाला आम्ही निसर्ग आणि शांती सांगतो. भारतीय गटाला आम्ही तुमच्यासारखेच, असे सांगतो. आपल्यालाही तेच हवे असते. रवींद्रनाथ १९२७ साली बालीला गेले, त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्यात बृहत्तर भारताच्या अभ्यासासाठी संस्था निघाली होती. रमेशचंद्र मजुमदार यांनी आपल्या ग्रंथमालेच्या नावात या देशांना प्राचीन भारतीय वसाहती म्हटले. त्या पिढीला पारतंत्र्यात हा अभिमान लागत होता, हे समजण्यासारखे आहे. परंतु आजही आपण बालीत आपला हरवलेला तुकडाच शोधतो. गाभाऱ्यात मूर्ती नसली की आपण गोंधळतो. आसन रिकामे का, असे विचारतो.

खरे साम्य आहे, नाही असे नाही. बालीचे लोक शक मोजतात, आपल्यासारखाच. २०२५ साली त्यांचेही शके १९४७ सुरू झाले आणि आपलेही. पण वर्षारंभाला आपण गुढी उभारतो आणि ते 'न्येपी' पाळतात: दिवा नाही, प्रवास नाही, विमानतळसुद्धा बंद. मोजमाप एकच, त्याचा उपयोग सर्वस्वी वेगळा. 'श्री' ही देवता आपलीच, पण बालीत ती देवी स्री म्हणजे साक्षात भात. शब्द समुद्रावरून गेला. अर्थ तिथल्या चिखलात रुजला.

हा मुद्दा आपल्या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांत पुण्या-मुंबईचा पाहुणा येतो आणि कौतुकाने म्हणतो, 'तुम्ही जुने मराठीपण किती छान जपून ठेवले आहे!' त्याच्या मनात गैर काही नसते. तरी ते कौतुक आपल्याला कुठेतरी टोचते. कारण दोनशे-अडीचशे वर्षे आपण केवळ जपत बसलो नाही. इथल्या भाषांशी, इथल्या राजवटींशी, इथल्या शेजाऱ्यांशी व्यवहार करीत आपण काहीतरी नवे घडवले. जतन या शब्दाने ते सगळे कष्ट पुसले जातात. मग आपणच बालीत जाऊन बाली माणसाला तेच वाक्य ऐकवावे, हे शोभत नाही.

तुलना करायचीच, तर ती कळसांची न करता पाटांची करावी. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धती होती; एका फडात एकच पीक आणि पाण्याची पाळी ठरलेली, ती राखायला पाटकरी. गोव्यातील खाजन जमिनी, त्यांचे बांध आणि मानशी गावकरी संस्थेने सांभाळल्या. या व्यवस्थांचे बालीशी रक्ताचे नाते सांगता येत नाही. पण प्रश्न तोच होता आणि उत्तरे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. आपल्याकडील या व्यवस्था खिळखिळ्या झाल्या. बालीतही शेतीची जमीन हॉटेलांखाली जात आहे, पर्यटकांना पाणी लागते आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलाला पाटावर राबण्यापेक्षा गाडी चालवणे परवडते. २०२४ साली साठ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे या बेटावर आले. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येकाकडून दीड लाख रुपिया घेतले जातात. पाहुण्याला जे दिसते तेवढेच टिकवण्याचा मोह अशा वेळी प्रबळ होतो: हिरव्या पायऱ्या राहतात, त्यांना बांधणारी सभा विरते. म्हणून कथनातून काय गाळले जाते, हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. सहलीचा क्रम पाण्याच्या क्रमाने लावावा: प्रथम डोंगरावरील तळे, मग बंधारा, मग खाचरे आणि शेवटी समुद्र. तनाह लोतचा सूर्यास्त त्यामुळे चुकत नाही. एखाद्या लहान बंधाऱ्याच्या देवळापाशी अर्धा तास थांबावे. तिथे शिल्प नसते, गर्दी नसते, छायाचित्रही साधेच येते. पण तिथे मार्गदर्शकाला विचारावे की, या वर्षी पड केव्हा टाकायची, हे कोणी ठरवले. या प्रश्नाचे उत्तर त्याला पाठ करावे लागणार नाही.