तिसऱ्या पर्वाचा वाद

कोणत्याही कलाकृतीचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न साहित्यशास्त्राइतकाच जुना आहे. आपल्या पूर्वसूरींनी त्याचे उत्तर 'सहृदय' या एका शब्दात देऊन ठेवले. ज्याचे अंतःकरण कलाकृतीशी तन्मय होऊ शकते तोच तिचा खरा परीक्षक, असा त्याचा आशय. परंतु या उत्तरातून लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. तन्मय होणारा मनुष्य तटस्थ कसा राहणार? प्रेमाने दृष्टी निवळते की झाकोळते? विशेषतः जी गोष्ट आपण स्वतः धडपड करून जिवंत ठेविली, तिच्या गुणदोषांविषयी आपण निर्भयपणे बोलू शकतो काय? या प्रश्नाचा विचार आपण बहुधा काव्यनाटकांच्या संदर्भात करीत आलो आहो. प्रस्तुत लेखात आम्ही त्यासाठी एक वेगळेच उदाहरण घेतले आहे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वाविषयी तिच्या चाहत्यांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालत आलेला वाद, हे ते उदाहरण होय.

विज्ञानकथा, आणि तीही दूरचित्रवाणीवरील, हा आपल्या नियतकालिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही सभासदांच्या मनात येईल. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे पुष्कळ माणसे एका कृतीकडे पुनःपुन्हा वळतात, तिच्यातील बरेवाईट निवडून काढतात आणि आपल्या मताला कारणे देतात, तेथे समीक्षाच चालू असते. ती विद्यापीठाच्या दालनात चालते की घराच्या ओट्यावर, हा भेद गौण आहे. शिवाय ही मालिका १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखविली गेली असल्यामुळे पुष्कळ वाचकांस तिचा परिचय असेल. ज्यांस तो नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका एनबीसी या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. 'एंटरप्राइज' नावाच्या अंतराळयानाचा कप्तान कर्क, त्याचा अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय ही तिची मुख्य पात्रे. स्पॉकचा पिता व्हल्कन या परग्रहावरचा आणि माता पृथ्वीवरची. तर्क हाच त्याचा धर्म. मॅकॉय त्याच्या उलट, भावनेने उसळणारा आणि जिभेचा तिखट. या दोघांच्या मध्ये कर्कने निर्णय घ्यावयाचा, अशी ही त्रिपुटी आहे. तीन पर्वांत अनुक्रमे २९, २६ आणि २४ असे एकूण ७९ भाग झाले, आणि प्रत्येक भाग बहुतांशी स्वयंपूर्ण आहे.

दुसरे पर्व चालू असतानाच मालिका बंद होणार अशी वार्ता पसरली. तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यार्थी वाहिनीच्या बरबँक येथील इमारतीवर मोर्चा घेऊन गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका पुढे चालू राहील अशी घोषणा झाली. परंतु जे पदरात पडले ते मागितल्यासारखे नव्हते. प्रक्षेपणाची वेळ शुक्रवारी रात्री १० ही ठरली. ज्या तरुण प्रेक्षकांवर मालिकेची भिस्त होती ते त्या वेळी घराबाहेर असावयाचे. खर्चाला कात्री लागली. रॉडेनबेरी दैनंदिन देखरेखीतून बाजूला झाले आणि निर्मितीची धुरा फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे आली. २० सप्टेंबर १९६८ रोजी नव्या पर्वाचा पहिला भाग दिसला, तो 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे स्पॉकचा मेंदू. इतकी धडपड करून मिळविलेले पर्व अशा भागाने सुरू व्हावे, हे चाहत्यांच्या जिव्हारी लागले. ३ जून १९६९ रोजी मालिका संपली. वाद मात्र संपला नाही. चक्रमुद्रित अनियतकालिकांतून, १९७२ पासून भरू लागलेल्या मोठ्या संमेलनांतून आणि पुढे नव्या साधनांवरून तो चालूच राहिला.

या वादातील आक्षेपांचे तीन वर्ग पडतात असे आम्हांस वाटते. पहिला वर्ग कारणांचा आहे: निर्माता बदलला, पैसा कमी पडला, म्हणून पर्व बिघडले. दुसरा वर्ग विज्ञानाचा आहे: अमुक गोष्ट घडणेच शक्य नाही. तिसरा वर्ग औचित्याचा आहे: आमचा कर्क असे बोलणार नाही, आमचा स्पॉक असे वागणार नाही. या तिहींचे मोल सारखे नाही, आणि वादाची पुष्कळशी शक्ती पहिल्या वर्गावरच खर्ची पडली आहे.

कारणांचा शोध हा इतिहासाचा विषय आहे, समीक्षेचा नव्हे. शिवाय तो चाहत्यांनी केला तो बहुधा अपराधी शोधण्यासाठी, आणि अपराधी म्हणून फ्रायबर्गर यांचे नाव कायमचे नोंदले गेले. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. 'स्पॉक्स ब्रेन' ही संहिता जीन कून यांनी टोपणनावाने लिहिलेली होती, आणि हेच कून पहिल्या दोन पर्वांतील उत्कृष्ट भागांचे शिल्पकार म्हणून चाहत्यांस प्रिय आहेत. मालिका वाचल्याची घोषणा ज्या भागानंतर झाली तो दुसऱ्या पर्वातील 'द ओमेगा ग्लोरी' रॉडेनबेरी यांनी स्वतः लिहिलेला आहे, आणि त्याची गणना उत्तम भागांत कोणीच करीत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आधीच्या काळात कथासंपादन सांभाळणाऱ्या डी. सी. फॉन्टाना यांच्या एका कथेत मॅकॉयची मुलगी नायिका होती. नव्या व्यवस्थेने ती कथा इतकी पालटली की 'द वे टू ईडन' या नावाने प्रक्षेपित झालेल्या भागावर त्यांनी आपले खरे नाव घातले नाही. म्हणजे दोष कोणा एकाचा नव्हे. आणि असता, तरी तो सिद्ध झाल्याने एकही भाग अधिक चांगला वा वाईट ठरत नाही.

विज्ञानाच्या आक्षेपाविषयी थोडक्यात सांगता येईल. अशक्य गोष्ट हा विज्ञानकथेचा दोष नसून तिचा पाया असतो. एक अशक्य गृहीत धरले की पुढचे सर्व त्याच्याशी सुसंगत घडावे, एवढीच अपेक्षा. प्रकाशाहून वेगाने जाणारे यान ज्या प्रेक्षकाने विनातक्रार मान्य केले, त्याला मेंदूची चोरी तेवढी खटकावी, याचे कारण शरीरशास्त्रात सापडणार नाही.

ते सापडते औचित्यविचारात. अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरे कारण नाही असे आनंदवर्धनाने प्रतिपादिले आणि पुढे क्षेमेंद्राने औचित्यालाच काव्याचे जीवित मानले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. 'स्पॉक्स ब्रेन'मध्ये एका परग्रहावरील स्त्री स्पॉकचा मेंदू काढून नेते. तेथील भुयारी नगरीचा कारभार चालविण्यासाठी तो वापरला जातो, आणि कर्क व मॅकॉय स्पॉकचे मेंदूविरहित शरीर यंत्राच्या कळा दाबून चालवीत त्याच्या शोधात निघतात. या कल्पनेत खरोखर एक गंभीर बीज आहे. ज्याने बुद्धीलाच सर्वस्व मानले, त्याची केवळ बुद्धी शिल्लक उरली तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न स्पॉकखेरीज दुसऱ्या कोणाविषयी इतक्या समर्पकपणे विचारताच आला नसता. लेखकाने तो विचारलाच नाही. मित्रावर ओढवलेल्या या भयंकर प्रसंगात मॅकॉयचा संताप वा कर्कचा शोक यांना वाव मिळत नाही, आणि स्पॉकचे शरीर कळसूत्री बाहुलीप्रमाणे हिंडते. परिणामी जेथे अद्भुत आणि करुण उत्पन्न व्हावयाचे तेथे हास्य उत्पन्न होते. काही चाहते हा भाग हसण्यासाठी म्हणूनच आवडीने पाहतात. हा रसाभासाचा आस्वाद आहे. त्याला मालिकेचे मंडन समजण्याचे कारण नाही.

याच्या शेजारी त्याच पर्वातील 'ऑल अवर यस्टर्डेज' हा १४ मार्च १९६९ चा भाग ठेवून पाहावा. एका ग्रहाचा सूर्य फुटण्याच्या बेतात आहे. तेथील सर्व प्रजा एका ग्रंथालयातून भूतकाळात निघून गेली असून मागे केवळ वृद्ध ग्रंथपाल उरला आहे. अनवधानाने स्पॉक आणि मॅकॉय पाच हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात जाऊन पडतात. तेथे एकाकी हद्दपारी भोगणाऱ्या झाराबेथ नावाच्या स्त्रीवर स्पॉकचे मन जडते. तो मांस खातो, संतापतो, प्रेम करतो. म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जे जे ते सर्व करतो. तरीही प्रेक्षकाला ते अनुचित वाटत नाही. त्या काळी त्याचे पूर्वज असेच रानटी होते आणि काळाबरोबर तोही त्यांच्यासारखा होत चालला आहे, हे कारण कथेतच पेरलेले आहे. स्वभावाचा भंग झाल्यामुळेच मूळ स्वभावाची किंमत कळते. हा भाग लिहिणाऱ्या जीन लिझेट अरोएस्टे या व्यवसायाने विद्यापीठातील ग्रंथपाल होत्या. मालिकेची चाहती असलेल्या व्यक्तीकडून, निंदिलेल्या पर्वाच्या अगदी अखेरीस, स्पॉकचे इतके सूक्ष्म चित्रण व्हावे, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

दारिद्र्याने पर्व बिघडले हे म्हणणेही सरसकट खरे नाही. 'स्पेक्टर ऑफ द गन'मध्ये संपूर्ण गाव उभारण्याऐवजी घरांच्या केवळ दर्शनी भिंती आणि मागे तांबडे आकाश एवढेच दाखविले आहे. मनाने रचलेल्या आभासी गावाच्या त्या कथेला हे अपुरेपण शोभून दिसते. 'द एम्पथ'मध्ये तर काळोखी रिकामी रंगभूमी, मोजकी पात्रे आणि एक मुकी स्त्री. दुसऱ्याची जखम स्वतःच्या देहावर घेण्याची शक्ती तिच्या ठायी आहे, आणि तिचे सारे मन मुद्रेतूनच कळते. एका बाकड्यावर राजसभा उभी करणारा दशावतार ज्यांनी गोव्यात वा कोकणात पाहिला आहे, त्यांना नेपथ्याचा अभाव म्हणजे कलेचा अभाव नव्हे, हे पटवून द्यावयास नको.

सर्वांत खरा मतभेद 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड' या १० जानेवारी १९६९ च्या भागाविषयी आहे. अर्धा चेहरा काळा, अर्धा गोरा असे दोन पुरुष एकमेकांचा द्वेष करीत हजारो वर्षे झुंजत आहेत. का, तर एकाची उजवी बाजू काळी आहे आणि दुसऱ्याची डावी. आपला ग्रह परस्परद्वेषाने बेचिराख झाला हे कळूनही ते थांबत नाहीत. एक पक्ष म्हणतो, हा बोध इतका उघड आहे की ही कथा नसून फळ्यावर लिहिलेला सुविचार आहे. दुसरा पक्ष उत्तर देतो की, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला वर्षही झाले नव्हते. अशा वेळी कुजबुजून चालत नाही. आमच्या मते दोन्ही पक्ष अंशतः बरोबर आहेत. कथेचा मधला भाग उपदेशाने जड झाला आहे; परंतु चेहऱ्यातील जो भेद प्रेक्षकाला प्रथम दिसतच नाही आणि त्या दोघांना त्याखेरीज काही दिसत नाही, ती एक कल्पना अस्सल कलेची आहे.

आता पर्वाकडे वळू. 'तिसरे पर्व वाईट' या वाक्यात 'पर्व' हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय? मर्ढेकरांनी कलाकृतीच्या अंगी संवाद, विरोध आणि समतोल यांची लय पाहिली. अशी लय एखाद्या भागात शोधता येते. परंतु एका वर्षी एका वाहिनीवरून प्रक्षेपित झाले एवढ्याच नात्याने एकत्र आलेल्या २४ स्वतंत्र भागांत ती शोधणे व्यर्थ होय. वर्गाचा निकाल शेकड्यात मांडण्याची सवय आम्हां शिक्षकांस असते, आणि त्या शेकड्यात कोणताही विद्यार्थी दिसत नाही हेही आम्हीच जाणतो. तरी सरासरी अगदीच निरर्थक नसते. या पर्वात पात्रांची आपसांतील चकमक मंदावली आहे आणि दुबळ्या भागांची संख्या वाढली आहे, हा चाहत्यांचा अभिप्राय आम्हांसही मान्य आहे. मात्र त्याचे शिखर आधीच्या पर्वांच्या बरोबरीने उभे राहू शकते, हे त्याच न्यायाने मान्य केले पाहिजे.

या वादातून आम्हांस जे महत्त्वाचे वाटते ते याहून निराळे आहे. ज्यांनी पत्रे लिहून हे पर्व मिळविले, त्यांच्यातूनच त्याचे कठोर परीक्षक निघाले. 'निदान चालू तरी राहिली' असे म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतले नाही, आणि दोष दिसले म्हणून पाठही फिरविली नाही. त्यांनी भाग पुनःपुन्हा पाहिले, संहितेतील शब्द आठवून वाद घातला आणि निंदिलेल्या ढिगातून 'द एम्पथ'सारखी कृती उचलून पुढे ठेविली. महाराष्ट्राबाहेर मराठीचे नाटक, नियतकालिक वा व्याख्यानमाला चालविणाऱ्या आपणांस हा धडा जवळचा आहे. आपल्या वर्गणीवर आणि आपल्या पायपिटीवर जे उभे असते त्याच्याविषयी बोलताना आपली जीभ जड होते. एवढे तरी चालू आहे, त्याला नावे कशी ठेवावयाची, असे मन म्हणते. या संकोचाने संस्था टिकतात हे खरे, पण कृतींचा कस टिकत नाही. पुढे एखादा खरा गुणी लेखक आपल्यात आला तर त्याला ओळखण्याची आपली शक्तीही त्या मौनात क्षीण होते. ज्याने जतन केले त्याला परीक्षणाचा अधिकार आहेच. आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे. सहृदयता आणि स्पष्टोक्ती यांत विरोध नाही, ही गोष्ट चक्रमुद्रित कागदांवर भांडणाऱ्या त्या परदेशी रसिकांनी कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता दाखवून दिली. ज्यांच्यापाशी ते शास्त्र आहे त्यांनी ती आचरणात आणावी, एवढेच आमचे मागणे आहे.