नोंदवहीतला रंग आणि घोड्याचा रंग
हर्स्ट-वेल्डन वादाचे फेरपरीक्षण

दोन तांबूस घोड्यांच्या पोटी तांबूसच शिंगरू जन्माला येते, असा नियम आहे. आता एखाद्या जुन्या नोंदवहीत तांबूस नर, तांबूस घोडी आणि त्यांचे शिंगरू मात्र कुमाईत, अशी नोंद सापडली, तर काय म्हणायचे? नियम खोटा की नोंद खोटी? आनुवंशिकता शिकवताना हा प्रश्न वर्गात सहसा येत नाही, कारण फळ्यावरच्या चौकटीत अपवादाला जागाच नसते. १९०५-०६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत मात्र नेमक्या याच प्रश्नावरून वाद पेटला होता. त्या वादातले दोन्ही निबंध आज पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहेत. कोण जिंकले हे आपल्याला माहीत आहे. दोघांनी पुरावा कसा हाताळला, ते पाहणे अधिक बोधप्रद आहे.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपूट, पायांचा खालचा भाग आणि कानांच्या कडा काळ्या, अशा घोड्याला कुमाईत म्हणतात. इंग्रजीत तो ‘बे’. आयाळ-शेपटासह कोठेही काळा केस नसलेला तो तांबूस, म्हणजे ‘चेस्टनट’. या दोघांच्या मध्ये गडद छटांची मोठी रांग आहे. काळपट तपकिरी घोडा आणि यकृताच्या रंगाचा गडद तांबूस घोडा लांबून सारखेच दिसू शकतात. सगळ्या वादाचे मूळ या रांगेत आहे.

चार्ल्स चेंबरलेन हर्स्ट हे मूळचे ऑर्किडचे संकर करणारे. त्यांचा घोड्यांच्या रंगावरील निबंध डिसेंबर १९०५ मध्ये वाचला गेला आणि १९०६ मध्ये छापला गेला. या निबंधासाठी त्यांनी स्वतः घोड्यांचे संकर केले नाहीत. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जात होती. तीच त्यांची प्रयोगशाळा. तांबूस नर व तांबूस घोडी यांच्या शिंगरांची मोजदाद केली, तेव्हा जवळजवळ सगळी तांबूस निघाली. कुमाईत नरांचे मात्र दोन गट पडले. काहींना तांबूस घोडीपासूनही तांबूस शिंगरू होत नव्हते, तर काहींना दोन्ही रंगांची होत होती. वाटाण्यात मेंडेलला दिसले तेच हे चित्र. तांबूस रंग अप्रभावी आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

या निबंधाचे गुण मान्य केले पाहिजेत. दुसऱ्या हेतूने जमवलेल्या नोंदींतून नैसर्गिक नियम शोधता येतो, हे त्याने दाखवले. पण मोजक्या नोंदी नियमात बसत नव्हत्या. त्या नोंदवहीतल्या चुका आहेत, असे हर्स्ट यांचे उत्तर होते. उत्तर बरोबर असू शकते. पण ते फार सोयीचे आहे. जे जुळले ते निरीक्षण आणि जे जुळले नाही ती चूक, असे एकदा ठरवले की कोणताही सिद्धांत तगतो.

डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन यांनी बोट ठेवले ते इथेच. हे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ मोजमापाच्या शिस्तीचे कट्टर पुरस्कर्ते होते. मेंडेलचे वाटाणे ‘पिवळे’ आणि ‘हिरवे’ अशा दोन खणांत नीट बसत नाहीत, मधल्या छटांची सलग रांग असते, हा आक्षेप त्यांनी १९०२ मध्येच घेतला होता. घोड्यांच्या बाबतीतही त्यांनी नोंदवहीचे खंड उपसले, अपवाद वेचले आणि १९०६ मध्ये उत्तरादाखल टिपण प्रसिद्ध केले. याच कामात बुडालेले असताना १३ एप्रिल १९०६ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

वेल्डन यांचा प्रश्न रास्त होता. पण त्यांनी उचललेले हत्यारही सदोष होते. नोंदवहीतला ‘बे’ हा शब्द म्हणजे मोजमाप नव्हे, ते कुणाचे तरी मत असते. मालक किंवा मोतद्दार शिंगराकडे पाहतो आणि एक शब्द कळवतो. शिंगराची लव झडून खरा रंग नंतर येतो. वाटाण्याच्या छटांविषयी इतके दक्ष असणारे वेल्डन नोंदवहीतल्या शब्दांवर मात्र विश्वास ठेवून बसले, ही त्यांच्या युक्तिवादातली मोठी विसंगती. थोडक्यात, एकाने नियमाच्या जोरावर नोंद नाकारली, तर दुसऱ्याने नोंदीच्या जोरावर नियम.

यातून बाहेर पडण्याची वाट साध्या अंकगणितात आहे. तांबूस म्हणून नोंदलेल्या एखाद्या नरात कुमाईत रंगाचे प्रभावी जनुक खरोखरच असेल, तर तांबूस घोडींपासून होणाऱ्या त्याच्या शिंगरांपैकी निम्मी तरी तांबूस नसतील. अशा नराच्या दहा शिंगरांत फक्त एकच अपवाद सापडण्याची शक्यता १०२४ मध्ये १०, म्हणजे सुमारे एक टक्का. म्हणून अपवाद किती, यापेक्षा ते कसे विखुरले आहेत हे पाहावे. एकाच नराभोवती गोळा झाले असतील, तर त्याच्या रंगाची नोंद तपासावी. एकेकटे इकडेतिकडे पडले असतील, तर त्या त्या शिंगराचा रंग किंवा बाप चुकीचा नोंदला गेला असण्याचा संभव अधिक. अशी कसोटी लावून मग अपवाद बाजूला ठेवणे, ही सबब राहत नाही. तो पुरावा होतो.

वादाचा निकाल लागायला नव्वद वर्षे गेली. १९९६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी तांबूस रंगाचे कारण दाखवून दिले. रंगपेशीच्या पृष्ठभागावर ‘एमसी१आर’ नावाचे संदेशग्राही प्रथिन असते. त्याला संदेश मिळाला की पेशी काळे रंगद्रव्य बनवते. तांबूस घोड्यात या प्रथिनाच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. संदेश पोहोचत नाही आणि पेशी तांबडेच रंगद्रव्य बनवत राहते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच हे घडते, म्हणून गुण अप्रभावी. हर्स्ट यांचा निष्कर्ष बरोबर ठरला.

पण पाठ्यपुस्तकी मांडणीला इथे धक्का बसतो. ‘कुमाईत काळ्यावर प्रभावी, काळा तांबूसवर प्रभावी’ अशी उतरंड अनेक तक्त्यांत दिसते. ती चुकीची आहे, कारण येथे जनुके दोन आहेत. दुसरे जनुक ‘अगूटी’. त्याचे प्रथिन त्या संदेशग्राहीला अडवते, त्यामुळे काळा रंग आयाळ, शेपूट व पायांपुरता उरतो आणि घोडा कुमाईत होतो. २००१ मध्ये असे दिसले की अगूटीच्या अप्रभावी रूपात ११ अक्षरे गळालेली असतात. त्याच्या दोन्ही प्रती तशा असतील, तर अडवणूक होत नाही आणि घोडा अंगभर काळा होतो. तांबूस घोड्यात मात्र संदेशग्राहीच निकामी असल्याने अगूटी असले काय, नसले काय, बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून काळा नर आणि तांबूस घोडी यांना कुमाईत शिंगरू होऊ शकते. आईने लपवलेले अगूटी पोरात प्रकट होते. उतरंडीच्या तक्त्यात हे कोडे सुटत नाही. दोन्ही जनुकांच्या मिश्र जोडीचे नर-मादी घेतले, तर ९ कुमाईत, ३ काळे, ४ तांबूस हे गुणोत्तर येते. ९:३:३:१ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ते मुद्दाम सोडवायला द्यावे.

तांबूस, काळा, कुमाईत या पायाभूत रंगांवर इतर जनुके आपला थर चढवतात. सर्वांत फसवा थर पांढुरकेपणाचा, म्हणजे ‘ग्रे’चा. शिंगरू काळे, तांबूस किंवा कुमाईत जन्मते आणि वर्षागणिक पांढरे होत जाते. कातडी मात्र काळसरच राहते. हा गुण प्रभावी आहे. २००८ मध्ये त्याचे मूळ ‘एसटीएक्स१७’ या जनुकातील सुमारे ४६०० अक्षरांच्या पुनरावृत्तीत सापडले. अशा घोड्याची नोंद पहिल्या वर्षी घेतली तर एक रंग लागतो आणि दहाव्या वर्षी घेतली तर दुसरा. दोन्ही नोंदी प्रामाणिकच असतात!

मग ओळख पटवायची कशी? रंग बदलला तरी जन्मजात पांढऱ्या खुणा व केसांचे भोवरे जागा सोडत नाहीत. म्हणून घोड्याच्या ओळखपत्रात कपाळावरचा ठिपका, नाकावरचा पट्टा, पायांचे पांढरे मोजे आणि भोवरे रेखाटून ठेवतात. आपल्याकडे चारही पाय व तोंड पांढरे असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे निरखून पाहतात; पण तिथे नजर शुभाशुभावर असते. खुणांचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, पण तो सैल आहे. अरबी घोड्यांच्या अभ्यासात तांबूस घोड्यांवर कुमाईतांपेक्षा अधिक पांढरे आढळले. उलट, क्लोन केलेल्या, म्हणजे जनुके तीच असलेल्या, घोड्यांच्या खुणाही तंतोतंत जुळत नाहीत. गर्भात रंगपेशी पसरताना यदृच्छेचाही वाटा असतो. शिवाय खूण कधी पुरावाच झाकते. गडद तांबूस की काळपट तपकिरी हे ठरवायला पायांचा खालचा भाग पाहावा लागतो आणि तिथेच पांढरे मोजे असले तर ती साक्ष गेली. मग कानांच्या कडा पाहाव्यात, आई-बाप पाहावेत, आणि शेवटी आयाळीचे मुळासकट उपटलेले चार केस प्रयोगशाळेत पाठवावेत.

तपासणीचा कागद हाती आला म्हणून डोळ्यांचे काम संपत नाही. एमसी१आर आणि अगूटीच्या तपासणीतून पायाभूत रंग कळतो. कुमाईत फिकट की गडद, हे त्या दोन जनुकांवरून ठरत नाही. वेल्डन यांची छटांची रांग अजून शिल्लक आहे, आणि ती गृहीत धरूनच हर्स्ट यांचा नियम वापरावा लागतो.

वर्गासाठी एक काम सुचवतो. कुमाईत घोड्याची चार छायाचित्रे घ्या: फिकट, गडद, चारही पायांत पांढरे मोजे असलेला आणि लव न झडलेले शिंगरू. विद्यार्थ्यांना एकमेकांशी न बोलता प्रत्येकाचा रंग लिहायला सांगा. मग उत्तरे फळ्यावर मांडा आणि विचारा: ही आपली नोंदवही. हिच्यातल्या कोणत्या नोंदीवर नियम उभा कराल, आणि कोणती नोंद, कोणत्या कारणाने, बाजूला ठेवाल?