काळ्या पट्ट्यांखालचे आत्मचरित्र

व्हॅलरी प्लेम विल्सन यांचे ‘फेअर गेम’ हे २००७ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र हाती घेताच वाचक अडखळतो. ओळीच्या ओळी, कोठे सबंध परिच्छेद, काळ्या पट्ट्यांखाली झाकलेले! लेखिका सी. आय. ए. या अमेरिकन गुप्तवार्ता संस्थेत अधिकारी होत्या. पती जोसेफ विल्सन यांनी इराक युद्धासाठी पुढे केलेल्या पुराव्यावर जाहीर टीका केली आणि आठच दिवसांनी, १४ जुलै २००३ रोजी, एका वृत्तपत्रीय स्तंभात लेखिकेचे नाव फुटले.

गुप्त हस्तकांची नावे फोडणे हा अमेरिकेत १९८२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. परंतु त्याच्या अटी इतक्या कडक, की या प्रकरणी त्या कायद्याखाली कोणावरही खटला झाला नाही. उपराष्ट्राध्यक्षांचे सहायक लिबी दोषी ठरले ते तपासात खोटे बोलल्याबद्दल. त्यांची तीस महिन्यांची कैद राष्ट्राध्यक्षांनी रद्द केली. २०१३ मध्ये मात्र याच कायद्याखाली किरियाकू या माजी अधिकाऱ्यास तितकेच महिने मिळाले, व तुरुंगात जावे लागले.

मग पट्टे कायद्याने ओढले काय? नाही. स्वतःची ओळख सांगणाऱ्यास तो कायदा गुन्हेगार मानीत नाही. ही शाई नोकरीत शिरताना सही केलेल्या गोपनीयतेच्या कराराची. संस्थेनेच निवृत्तिवेतनासंबंधी २००६ मध्ये धाडलेल्या पत्रात लेखिकेच्या सेवेचा काळ नमूद होता. ते पत्र अमेरिकन संसदेच्या कार्यवृत्तात छापलेही गेले. तरीही २००२ पूर्वीच्या सेवेच्या तारखा पुस्तकात देता येणार नाहीत, असा निकाल अपील न्यायालयाने २००९ मध्ये दिला. ‘गोपनीय’ शिक्क्याचे लखोटे हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस याचे फारसे नवल वाटणार नाही.

या पट्ट्यांतच कलात्मक सौंदर्य पाहणारे रसिक भेटतील. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या वर्षांत ही स्त्री घडली, तीच वर्षे येथे फाटून गेली आहेत. जुळ्यांच्या जन्मानंतरच्या मानसिक आजाराविषयी लिहिताना भाषेला जी ऊब येते, ती इतरत्र अभावानेच आढळते. शेवटी पत्रकार लॉरा रोझेन यांनी प्रसिद्ध साधनांवरून गाळलेला वृत्तान्त भरून काढला आहे. तो नेटका आहे, उपयुक्त आहे. पण ग्रीसमधील ती तरुण अधिकारी तेथे ‘मी’ म्हणून बोलत नाही, तिच्याविषयी दुसरेच कोणी सांगत असते.