गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ आणि वर्गातील सक्रिय सहभागाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

अध्यापन ही दुहेरी प्रक्रिया आहे, हे विधान शिक्षणशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. अध्यापक-विद्यार्थी तेच विधान प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात लिहून उत्तीर्ण होतात आणि पुढे वर्गात उभे राहिल्यावर एकेरी व्याख्यान देऊ लागतात. विचार आणि आचार यांतील ही तफावत नवी नाही. तिचा सर्वांत वाचनीय आणि आजही अस्वस्थ करणारा आविष्कार भारतीय भाषांतील ज्या शैक्षणिक कथेत झाला आहे, ती म्हणजे गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ होय. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी गुजरातीत प्रसिद्ध झालेले हे छोटेखानी पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात त्याचा गौरवाने उल्लेख होतो; मात्र त्याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या पुस्तकाचे सामर्थ्य, त्याच्या मर्यादा आणि महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात त्याची उपयुक्तता या तीन अंगांनी विचार केला आहे.

लेखक आणि कृतीचे स्वरूप

गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर सखोल प्रभाव होता. पण त्या विचारांना त्यांनी लोककथा, लोकगीते, खेळ आणि स्वभाषा यांची जोड दिली. ‘दिवास्वप्न’ हा संशोधन-अहवाल नव्हे. ती प्रथमपुरुषी निवेदनातून सांगितलेली कथा आहे. शिक्षणविषयक पुष्कळ वाचलेला, परंतु प्रत्यक्ष अनुभव नसलेला एक तरुण शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एक वर्षासाठी प्रयोगाला मागतो. प्रयोगाचा आरंभ, त्याची प्रगती, सहा महिन्यांनंतरची स्थिती आणि अखेरचा मेळावा अशा क्रमाने कथा पुढे सरकते. नावातच ‘स्वप्न’ असल्यामुळे लेखकाने आपल्या कृतीला पुराव्याचा दर्जा दिलेला नाही, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते. ही कृती कल्पनेच्या आधारे एक शक्यता वाचकासमोर ठेवते. तिच्याकडून सिद्धतेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, तसेच तिला सिद्ध पद्धती मानणेही चुकीचे होईल.

पहिल्या दिवसाचे अपयश

या पुस्तकातील सर्वांत मोलाचा प्रसंग यशाचा नसून अपयशाचा आहे. नवा शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवून घेण्याचे ठरवतो. हा खेळ माँटेसरी पद्धतीतला. पुस्तकात त्याचे वर्णन मोहक वाटते. प्रत्यक्ष वर्गात मात्र मुले हसतात, आवाज काढतात, एकमेकांना चिथावतात. शिक्षकाची सर्व तयारी काही मिनिटांत कोसळते. पद्धत सदोष नव्हती. जी एकाग्रता हळूहळू घडवावी लागते, ती आधीच उपस्थित असल्याचे या शिक्षकाने गृहीत धरले होते.

महाविद्यालयीन अध्यापकाला हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही. उद्बोधन वर्गातून परतलेला अध्यापक उत्साहाने गटचर्चा जाहीर करतो. बाके जमिनीला पक्की केलेली असतात, विद्यार्थ्यांनी मूळ पाठ वाचलेला नसतो, आणि बारा-पंधरा वर्षे ऐकून घेण्याचीच सवय लागलेली असते. चार विद्यार्थी बोलतात, उरलेले खाली पाहतात. दुसऱ्या दिवशी अध्यापक पूर्ववत व्याख्यानाकडे वळतो आणि ‘आपल्या मुलांना हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढतो. गिजुभाईंचा शिक्षक या ठिकाणी वेगळा निर्णय घेतो. तो मुलांना दोष देत नाही. आपली सुरुवात चुकली असे मानतो आणि दुसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगू लागतो. सहभागाच्या प्रश्नावर या पुस्तकाने दिलेला पहिला धडा असा की, विद्यार्थ्यांचे मौन हे त्यांच्या क्षमतेविषयीचे विधान मानू नये. ते आधीच्या शिक्षणाने त्यांना काय शिकवले याचे निदर्शक असते.

श्रवण, मनोरंजन आणि सहभाग

गोष्ट सुरू होताच वर्ग स्थिर होतो. वरवर पाहता येथे एक विसंगती जाणवते. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही तर व्याख्यानाचीच रचना. मग गोष्ट सांगणे हे सक्रिय अध्यापन कसे? याचे उत्तर पुस्तकाच्या पुढील भागात मिळते. गोष्ट तिथेच संपत नाही. तिच्यातून वाचनाची भूक जागी होते, वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे राहते, मुले खेळ खेळतात, नाट्यप्रयोग करतात. व्याकरणासारखा रुक्ष विषयही खेळाच्या रूपाने समोर येतो. ऐकणारा पुढे काय होणार याचा अंदाज बांधत असेल, तर त्याचे श्रवणही क्रियाशीलच असते. याउलट, हातांना काम मिळाले तरी मनाला प्रश्न मिळाला नाही, तर ती केवळ हालचाल ठरते.

हा भेद आज विशेष महत्त्वाचा आहे. दृक्‌श्राव्य साधने, चित्रफिती, भ्रमणध्वनीवरील प्रश्नमंजूषा यांमुळे वर्गात चैतन्य येते, यात शंका नाही. परंतु विद्यार्थी गुंतला आहे की केवळ रमला आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. ब्राझीलचे शिक्षणचिंतक पावलो फ्रेअरी यांनी प्रचलित शिक्षणाला बँकेत ठेव भरण्याच्या व्यवहाराची उपमा दिली होती. शिक्षक ठेव भरतो, विद्यार्थी ती साठवतो. ठेव भरण्याची रीत रंगीत झाली म्हणून व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही. गिजुभाईंची गोष्ट या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, कारण तिच्या शेवटी मुलाच्या हाती स्वतःची काही कृती येते.

कृतीच्या मर्यादा

असे असले तरी ‘दिवास्वप्न’च्या तीन मर्यादा दुर्लक्षिता येत नाहीत.

पहिली मर्यादा निवेदनाची आहे. प्रयोग करणारा आणि प्रयोगाचे वर्णन करणारा एकच आहे. त्यामुळे इतर शिक्षक बहुधा उपहास करणारे किंवा रूढीत अडकलेले दिसतात. त्यांच्या ओझ्याची, तुटपुंज्या वेतनाची, वरिष्ठांच्या धाकाची बाजू त्यांच्या तोंडून पुरेशी येत नाही. मुलेही बहुतांशी समूह म्हणून वावरतात. गोष्टीत न रमणारा, खेळापासून दूर बसणारा एखादा मुलगा वर्षभर काय अनुभवत होता, हे वाचकाला कळत नाही. सहभागाचा प्रश्न मुळात अशाच विद्यार्थ्याचा असतो.

दुसरी मर्यादा सत्तेच्या संदर्भात आहे. कथेतील शिक्षकाला शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी आहे. शंका घेत का होईना, तो अधिकारी त्याला संधी देतो. सामान्य शिक्षकाला असे संरक्षण नसते. अभ्यासक्रम अभ्यास मंडळाने ठरवलेला, तासिकांची संख्या निश्चित आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढलेली, अशा चौकटीत प्रयोगाची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकणे म्हणजे संस्थात्मक प्रश्नाला व्यक्तिगत सद्गुणाचे रूप देणे होय.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. ‘दिवास्वप्न’मधील मुले पहिल्या पानापासून वर्गात हजर आहेत. ती गोंगाट करतात, पण आलेली आहेत. जी मुले वर्गापर्यंत पोहोचतच नाहीत, ती या स्वप्नाच्या कक्षेबाहेर राहतात.

कोसबाडचे उत्तर

या तिसऱ्या मर्यादेला महाराष्ट्रात प्रत्यक्ष कार्याने उत्तर मिळाले आणि ते गिजुभाईंच्याच सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी दिले, ही बाब लक्षणीय आहे. भावनगर येथे ताराबाईंनी गिजुभाईंसमवेत काम केले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यातही दोघे एकत्र होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यात अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेण्यात आली. मुलांच्या अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. थोडी मोठी मुले गुरे राखण्यात गुंतलेली असत; त्यांच्यासाठी कुरणशाळेचा प्रयोग झाला. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले अशी परिसरातील साधने आली. येथे सहभाग ही वर्गात वापरायची युक्ती राहिली नाही. मुलाचा दिवस कसा जातो, त्याच्यावर कोणते काम आहे, त्याच्या हाताला कोणती वस्तू परिचित आहे, या प्रश्नांपासून अध्यापनाची आखणी सुरू झाली. गिजुभाईंनी विद्यार्थ्याच्या आवडीचा शोध घेतला. कोसबाडने त्याच्या परिस्थितीचा शोध घेतला. या दोन शोधांची सांगड घातल्याशिवाय सहभागाचा विचार पूर्ण होत नाही.

महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात

प्राथमिक शाळेतील हा अनुभव महाविद्यालयाला लागू पडतो काय, असा आक्षेप घेतला जाईल. वय, विषयाची खोली आणि विद्यार्थिसंख्या यांत मोठा फरक आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु सकाळचे महाविद्यालय आटोपून दुकानात कामाला जाणारा विद्यार्थी, सुगीत गैरहजर राहणारा विद्यार्थी, घरातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी आणि प्रमाणभाषेत बोलताना संकोचणारी विद्यार्थिनी हे कुरणशाळेचेच वारस आहेत. त्यांच्या मौनाचे कारण आळस हे नसून बहुधा भीती किंवा थकवा हे असते. ‘कोणाला काही शंका आहे का?’ हा तासाच्या अखेरीस विचारला जाणारा प्रश्न त्यांच्यासाठी निरर्थक ठरतो, कारण शंका विचारण्यासाठीही काही एक आत्मविश्वास लागतो.

अशा वर्गात मोठ्या प्रयोगापेक्षा छोट्या, सातत्यपूर्ण बदलांना अधिक महत्त्व आहे. तासाच्या आरंभी दोन मिनिटे प्रत्येकाने वहीत एक उत्तर लिहिणे, ते शेजाऱ्याला वाचून दाखवणे आणि त्यानंतरच वर्गासमोर बोलणे, ही क्रमवारी संकोची विद्यार्थ्याला आधार देते. कवितेवरील समीक्षा सांगण्यापूर्वी ती कविता दोनदा मोठ्याने वाचून घेणे, अर्थशास्त्राच्या तासाला किंमतवाढीची व्याख्या देण्यापूर्वी घरच्या किराणा मालाच्या यादीवर चर्चा करणे, बोलीतील उत्तर आधी स्वीकारून मग त्याला परिभाषेकडे नेणे, या गोष्टींना वेगळे अनुदान लागत नाही. त्यांना वेळ मात्र लागतो. म्हणून ‘अभ्यासक्रम पूर्ण करणे’ म्हणजे काय, याचा पुनर्विचार करणे अपरिहार्य ठरते. अध्यापकाने पूर्ण केलेला अभ्यासक्रम विद्यार्थ्यानेही पूर्ण केला, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

येथे मूल्यांकन-व्यवस्थेचाही विचार करणे भाग आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या सात निकषांच्या चौकटीत विद्यार्थिकेंद्री पद्धतींना स्थान मिळाले, हे स्वागतार्हच होते. परंतु त्याबरोबर सहभागाचे रूपांतर पुराव्यात करण्याची घाई अनेक ठिकाणी वाढली. चर्चासत्राचे छायाचित्र, उपस्थितीची स्वाक्षरीपत्रके आणि अहवाल यांनी धारिका भरते. चर्चेत कोण बोलले आणि कोणाचे मत बदलले, याची नोंद कोठेच राहत नाही. ‘दिवास्वप्न’मध्येही मुलांना पाहुण्यांसमोर घोकलेले सादर करायला लावण्याच्या प्रथेवर टीका आहे. सहभागाचे प्रदर्शन आणि सहभाग यांतील हा फरक जवळपास शतकानंतरही मिटलेला नाही. शिवाय, परीक्षेत मार्गदर्शिकेतील तयार उत्तराला पूर्ण गुण मिळत असतील, तर वर्गातील चर्चेला वेळेचा अपव्यय मानणारा विद्यार्थी व्यवहारी आहे. तो चुकीचा ठरत नाही. प्रश्नपत्रिका न बदलता केवळ अध्यापनपद्धती बदलू पाहणे हे म्हणूनच अपुरे ठरते.

समारोप

‘दिवास्वप्न’ हे पद्धतींचे पुस्तक म्हणून वाचल्यास ते जुने वाटेल; शिक्षकाच्या आत्मपरीक्षणाची कथा म्हणून वाचल्यास ते आजही ताजे आहे. वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, विद्यार्थ्यांचे मौन हे अध्यापनाच्या विचाराचा आरंभबिंदू मानले पाहिजे. दोन, मनोरंजन आणि सहभाग यांत भेद करण्याची कसोटी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कृतीत आहे. तीन, विद्यार्थ्याच्या परिस्थितीचा विचार न करणारी कोणतीही पद्धत वर्गातील मोजक्या विद्यार्थ्यांपुरतीच राहते. चार, सहभागाची जबाबदारी एकट्या अध्यापकावर न टाकता परीक्षा, वेळापत्रक आणि विद्यार्थिसंख्या यांच्याशी ती जोडली गेली पाहिजे.

गिजुभाईंच्या शिक्षकाने पहिल्या दिवशी हार पत्करली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच वर्गात गेला. त्याच्या कथेतील इतर सर्व तपशील कालौघात बदलले, तरी अपयशानंतर पद्धत बदलण्याची आणि मुलांवरचा विश्वास न बदलण्याची ही वृत्ती अध्यापन-व्यवसायाला आजही तितकीच आवश्यक आहे.