पहिल्या अक्षराचा मान

दिवाळी अंक हाती आला की वाचण्यापूर्वी त्याची पाने नुसती न्याहाळायची, ही माझी जुनी खोड. मथळा, नक्षी, आणि लेखाच्या तोंडाशी बसवलेले ते टपोरे अक्षर! वरातीतल्या नवरदेवासारखे ते पुढे मिरवते आणि बाकीची अक्षरे वऱ्हाडासारखी मागून चालतात. या नवरदेवाविषयी आजवर माझी काही तक्रार नव्हती. यंदा ती झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे दादा गेले. त्यांची पत्रे माझ्या पुतणीने संगणकावर उतरवून घेतली आणि घरच्या मंडळींसाठी त्यांची पाने मांडली. प्रत्येक पत्राचे पहिले अक्षर तिने हौसेने तीन ओळींएवढे मोठे केले. एका पत्रापाशी मी थबकलो. घराच्या वाटणीवरून आम्हां भावांत अबोला होता, तो या पत्राने संपवला. मजकुराची सुरुवातच ‘क्षमा कर’ अशी. पडद्यावर मात्र पाय मोडलेला भला थोरला ‘क्’ एकटाच उभा, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘षमा’! दादांनी जन्मात एकदा मागितलेली क्षमा, तीही दुभंगलेली!

पुतणीला बोल लावण्यात अर्थ नाही. वेबपानांचा पेहराव ठरवणारी सीएसएस नावाची जी भाषा आहे, तिच्यात ‘फर्स्ट-लेटर’ ही सोय १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. एक ओळ लिहिली की परिच्छेदाचे पहिले अक्षर वेगळे निघते. पण ‘लेटर’ म्हणजे आपले अक्षर नव्हे, इथेच सारी मेख आहे. संगणकाच्या वहीत ‘क्ष’ एक नसतो. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे ओळीने लिहिलेली असतात. त्यांपैकी किती एकत्र धरायची याचे युनिकोडने सर्वसाधारण नियम केले, पण देवनागरी जोडाक्षर सबंध धरावे हे त्यांत आले २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. तोवर त्या नियमांच्या हिशेबी ‘स्त्री’चे तीन तुकडे होत. जुना कंपॉझिटर ‘क्ष’चा एकच खिळा उचलीत असे, तोडायचा म्हटला तरी त्याला तो तोडता आला नसता.

मोठ्या आदिअक्षराची रीत मूळची युरोपातली. इ. स. ८००च्या सुमाराच्या केल्सच्या ग्रंथात दोन-तीन अक्षरांनीच सबंध पान व्यापलेले आहे. गुटेनबर्गने छापलेल्या बायबलात अशा अक्षरांसाठी जागा मोकळी सोडली होती. ती पुढे हाताने रंगवीत. १४५७च्या माइन्झ येथील स्तोत्रग्रंथात ती रंगीत छापली गेली. तिथे हा थाट शोभतो, कारण रोमन छापील अक्षरे सुटी असतात आणि जमिनीवर उभी असतात. एक उंच झाले तरी शेजाऱ्याचे काही बिघडत नाही. आपली अक्षरे शिरोरेघेला लोंबतात. दोरीवर पातळे वाळत घातली असताना मधेच ओली गोधडी टाकावी, तशी गत होते. निदान मोठ्या अक्षराची शिरोरेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेघेशी जुळावी, एवढी तरी अपेक्षा असते. सीएसएसच्या नव्या मसुद्यात त्यासाठी ‘हँगिंग’ अशी तरतूद लिहिलेली आहे. पण लिहिलेले सारे ब्राउझर पाळतात असे नाही.

म्हणून हा थाट मोडीतच काढावा, असे मी म्हणत नाही. ‘ग’ किंवा ‘म’ मोठा झाला तर तो खुलतोही. माझा आक्षेप न विचारता घेतलेल्या उसनवारीवर आहे. दागिना घडवण्यापूर्वी सोनार कान पाहतो. इथे कानच दागिन्याच्या मापाने कापला गेला. आपल्या पोथ्यांकडे पाहावे. तिथे आरंभीचा ‘श्री’, दंड आणि समाप्तीची वाक्ये कितीदा तांबड्या शाईने लिहिलेली आढळतात. तिथला मान आकाराचा नसून रंगाचा आहे, आणि तो अक्षराचा तुकडा पाडून दिलेला नाही.

हे सारे मी पुतणीला सांगितले. तिने निमूटपणे ‘क्षमा’ हा सबंध शब्द एका खुणेत गुंडाळला, आकार बाकीच्या मजकुराएवढाच ठेवला आणि त्याला हिंगुळाचा तांबडा रंग दिला. मग म्हणाली, “काका, आता बरं दिसतं का?”

मी चष्मा पुसला. दादांना नक्षीचे कधीच कौतुक नव्हते. पण पत्र आता त्यांच्या आवाजात वाचता येत होते.